चार अक्षरांच्या नावाची किंमत कोण ठरवतो?

सुरत शहराच्या उत्तरेकडील कतारगाम हा भाग हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेतील कारागिरांच्या हातांखालून जातात, असे या व्यवसायात मानले जाते. सौराष्ट्रातील अमरेली, भावनगर या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या घंटीवर, म्हणजे हिरा घासण्याच्या फिरत्या चकतीवर, बसत आली. या कारागिराला एक गोष्ट कोणी निराळी शिकवावी लागत नाही. हिरा कितीला घेतला आणि तो कितीला विकला जाईल, या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही.

गेली तीन-चार वर्षे हा धडा कतारगामला फार महागात पडून पुन्हा गिरवावा लागला. भारतातून निर्यात होणाऱ्या पैलूदार हिऱ्यांचे मूल्य २०२२-२३ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर होते. २०२४-२५ मध्ये ते १३ अब्ज डॉलरच्या थोडेसे वर राहिले. चीनमधील मागणी ओसरली, जी-७ देशांनी जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले, प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यांनी नैसर्गिक हिऱ्यांचा भाव खाली ओढला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. कारखान्यांतील कामाचे तास घटले, अनेकांचे काम सुटले. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारला रत्नकलाकारांच्या मुलांच्या शाळेची फी भरण्याची योजना जाहीर करावी लागली, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

अशा मंदीच्या काळात घरबसल्या उत्पन्नाच्या वाटा दाखवणारे लोक मोबाइलच्या पडद्यावर हमखास अवतरतात. त्यांतील एक वाट डोमेन नावांची आहे. संकेतस्थळाचे एखादे आखूड नाव हजारभर रुपयांत नोंदवून ठेवावे आणि पुढे एखाद्या कंपनीला लाखो रुपयांना विकावे, असे तिचे स्वरूप. या वाटेला दुकान लागत नाही, यंत्र लागत नाही, इंग्रजीही जेमतेम चालते. त्यामुळे कतारगाममधल्या बेकार कारागिराला ती जितकी मोहवू शकते, तितकीच पर्यटनाचा हंगाम संपल्यावर रिकाम्या हाताने बसलेल्या गोमंतकीय तरुणालाही. म्हणून नवख्या माणसाने आखूड नावाची पुनर्विक्रीची किंमत कशी जोखावी, या प्रश्नाकडे हौसेचा विषय म्हणून पाहून चालणार नाही. घरातली शिल्लक कुठे गुंतवावी, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना हिरेबाजाराचा अनुभव बराच उपयोगी पडतो.

विकत काय मिळते?

पहिली गफलत ‘विकत घेणे’ या शब्दापासूनच सुरू होते. डोमेन नाव कोणाच्याही कायमच्या मालकीचे होत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. डॉट कॉमच्या बाबतीत ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते. पालिकेच्या मार्केटमधील गाळा जसा भाडे भरेपर्यंत आपल्याकडे राहतो, तसाच हा प्रकार आहे. डॉट कॉमची नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर इतका घाऊक दर घेते. त्यावर नोंदणी करून देणाऱ्या कंपनीचा नफा आणि कर चढतो. भारताच्या डॉट इन या प्रत्ययाची व्यवस्था ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. त्यापूर्वी हे काम मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होते. २००५ मध्ये डॉट इनची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली.

हिरा तिजोरीत ठेवला तर त्याला भाडे पडत नाही. नाव मात्र दर वर्षी पैसे मागते. पहिल्या वर्षाची रक्कम किरकोळ असते म्हणून नवखा माणूस एकाऐवजी पन्नास नावे नोंदवतो आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे बिल आले की गोंधळतो. एखाद्या नावाची किंमत जोखायची तर ते विकले जाईपर्यंत किती वर्षे सांभाळावे लागेल, हा प्रश्न हिशेबात पहिल्याच ओळीत आला पाहिजे.

आखूडपणाचे गणित

आखूड नावांना भाव का येतो, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत. दोन अक्षरांची नावे होतात ६७६, तीन अक्षरांची १७,५७६, चार अक्षरांची ४,५६,९७६ आणि पाच अक्षरांची १,१८,८१,३७६. दोन आणि तीन अक्षरांची सर्व डॉट कॉम नावे केव्हाच संपली. चार अक्षरांचीही संपलेली आहेत. म्हणजे आज नवख्या माणसाला चार अक्षरांचे डॉट कॉम नाव नोंदणीच्या मूळ दरात मिळणे जवळपास अशक्य आहे. ते दुसऱ्याकडून, लिलावात किंवा दलालामार्फत, बाजारभावानेच घ्यावे लागते. ‘हजार रुपयांत आखूड नाव’ अशी जाहिरात कोणी करत असेल, तर ते नाव निराळ्या प्रत्ययाचे किंवा अंक आणि आडव्या रेघा घुसडलेले असणार, हे गृहीत धरावे.

दुर्मीळ वस्तूला भाव असतो हे खरे, परंतु दुर्मीळपणा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ च्या उत्तरार्धात चिनी गुंतवणूकदारांनी चार अक्षरी डॉट कॉम नावांवर उड्या टाकल्या, तेव्हा हा फरक उघडा पडला. चिनी शब्दांच्या रोमन आद्याक्षरांत पाच स्वर आणि ‘व्ही’ ही अक्षरे सोयीची पडत नाहीत. म्हणून ही सहा अक्षरे वगळून उरलेल्या २० अक्षरांनी बनणाऱ्या १,६०,००० नावांना विशेष पसंती मिळाली. काही महिन्यांत त्यांचे भाव अनेक पटींनी चढले. ही नावे घेणारा बहुतेक वेळा दुसरा गुंतवणूकदारच होता. त्या नावाने दुकान उघडणारा व्यापारी त्यांत क्वचित दिसे. २०१६ मध्ये खरेदीचा ओघ आटला आणि भाव घसरले. नावांची संख्या तीच होती, अक्षरे तीच होती, त्यांचा दुर्मीळपणाही तसूभर कमी झाला नव्हता. फक्त पुढचा गिऱ्हाईक उरला नव्हता.

मुंबईतील एक सौदा

भारतातील आखूड नावांच्या इतिहासात नोव्हेंबर १९९९ मधील एका सौद्याचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या राजेश जैन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ‘इंडियावर्ल्ड’ ही संकेतस्थळांची मालिका सत्यम इन्फोवे या कंपनीने ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. त्या मालिकेत ‘समाचार’, ‘बावर्ची’, ‘खोज’ आणि ‘खेल’ अशी नावे होती. ‘खोज’ आणि ‘खेल’ ही दोन्ही रोमन लिपीत चार अक्षरी, साध्या अर्थाची, एकदा ऐकून कायम लक्षात राहणारी. आजही नावांच्या व्यापारात शिरणाऱ्याला हा आकडा सांगून भुरळ घातली जाते.

तो सौदा नावांचा नव्हता, हे मात्र सांगितले जात नाही. परदेशात राहणारे हजारो भारतीय रोज सकाळी देशातल्या बातम्या वाचायला त्या संकेतस्थळांवर येत असत. सत्यम इन्फोवेने पैसे मोजले ते या वाचकांच्या सवयीसाठी आणि त्या वेळी अमेरिकी शेअर बाजारात उसळलेल्या इंटरनेटच्या लाटेमुळे. दुसऱ्याच वर्षी ती लाट ओसरली आणि असे आकडे ऐकू येईनासे झाले. नावे तेव्हाही तितकीच आखूड होती.

याच कंपनीच्या आणखी एका नावाची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. सत्यम इन्फोवेने स्वतःच्या नावातली अक्षरे जुळवून ‘सिफी’ हा शब्द घडवला. रोमनमध्ये तोही चार अक्षरी. या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नव्हता. त्या नावाने कोणी सेवा देत नसते, तर बाजारात तो चार अक्षरांचा एक निरर्थक पुंजका ठरला असता. कंपनीने तो वापरला, त्याची जाहिरात केली, ग्राहकांनी तो ओळखला आणि मग त्याची नक्कल करण्याजोगी किंमत झाली. त्या नकलेवरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा विचार पुढे करू. तूर्त इतके पुरे, की आखूडपणा ही नावाची सोय असते. त्या सोयीचे पैशात रूपांतर वापराने होते, किंवा वापर करण्याची ऐपत असलेल्या गिऱ्हाइकाने.

जगभरातील मोठे सौदेही हेच सांगतात. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरना विकले गेले. ‘चॅट डॉट कॉम’ हे नाव हबस्पॉटचे सहसंस्थापक धर्मेश शहा यांनी २०२३ मध्ये १.५५ कोटी डॉलरना घेतले आणि पुढे ते ओपनएआयकडे गेले. दोन्ही नावे आखूड आहेत, परंतु दोन्ही इंग्रजीतले रोजचे शब्द आहेत आणि दोहोंना घेणारा विशिष्ट गिऱ्हाईक समोर उभा होता. तीन अक्षरांच्या कोणत्याही जुळणीला हे भाग्य लाभत नाही.

दोन बाजार, दोन भाव

सुरतेच्या महिधरपुऱ्यात किंवा वराछाच्या मिनी बाजारात हिऱ्याची कागदी पुडी उलगडून जो भाव बोलला जातो, तो एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेला भाव असतो. तोच हिरा अंगठीत बसून मुंबईच्या किंवा पणजीच्या पेढीत गेला की त्याची किंमत निराळी होते. ग्राहकाने ती अंगठी पुन्हा विकायला आणली, तर मिळणारी रक्कम तिसरीच असते. डोमेन नावांचेही असेच दोन बाजार आहेत. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला भाव कमी, पण तेथे विक्री लवकर होते. प्रत्यक्ष वापरणाऱ्या कंपनीकडून मिळणारा भाव मोठा, पण त्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते आणि तो बहुसंख्य नावांना कधीच मिळत नाही. नवखा माणूस सहसा दुसऱ्या बाजारातला आकडा ऐकतो आणि पहिल्या बाजारात माल विकायला बसतो.

नावाची किंमत सांगणारी स्वयंचलित साधने इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. त्यांचा आकडा पूर्वीच्या विक्रीवरून काढलेला अंदाज असतो. त्या किमतीला नाव घेण्याची हमी कोणी देत नाही. हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर वजन, रंग, शुद्धता आणि घडण लिहिलेली असते, आज संध्याकाळी रोख कोण देणार हे लिहिलेले नसते, तसेच हे. झालेल्या सौद्यांची ‘नेमबायो’सारखी सूची पाहणे अधिक उपयोगाचे, मात्र तिच्यातही विकली गेलेलीच नावे दिसतात. न विकता सोडून दिलेल्या नावांची यादी कोणी छापत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एखाद्याने १०० नावे सांभाळली आणि प्रत्येकी वर्षाला १,१०० रुपये खर्च आला, तर वर्षाचा खर्च १,१०,००० रुपये. या व्यवसायात शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन नावे विकली जाणे हे नेहमीचे समजले जाते. दोन नावे प्रत्येकी ५०,००० रुपयांना विकली गेली आणि विक्रीपेढीने १५ टक्के दलाली घेतली, तर हाती येतात ८५,००० रुपये. म्हणजे २५,००० रुपयांचा तोटा. खर्च तरी भरून निघावा म्हणून प्रत्येक नाव सुमारे ६५,००० रुपयांना जायला हवे. विक्रीचा आनंद होतो तेव्हा उरलेल्या ९८ नावांचे बिल डोळ्यांआड राहते.

प्रत्ययांचे प्रयोगशाळेतील हिरे

कतारगामला गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा धक्का दिला तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याने. सुरतेनेच त्याचे उत्पादन हिरिरीने अंगावर घेतले. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा याच प्रकारचा होता. सुरुवातीला त्याला चांगला भाव मिळाला. उत्पादनाला मर्यादा उरली नाही, तसा तो कोसळला. हिऱ्यांची प्रतवारी ठरवणाऱ्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून या हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांसारखी रंग-शुद्धतेची बारीक श्रेणी देणे थांबवले आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले.

डोमेन नावांच्या बाजारात नवे प्रत्यय हेच काम करत आहेत. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० अर्ज आले आणि पुढे बाराशेहून अधिक प्रत्यय प्रत्यक्षात सुरू झाले. ‘डॉट एक्सवायझेड’, ‘डॉट शॉप’, ‘डॉट ऑनलाइन’ ही त्यांतली काही. आयकॅनच्या वेळापत्रकानुसार अर्जांची पुढची फेरी ३० एप्रिल २०२६ पासून असून प्रत्येक अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर आहे. म्हणजे प्रत्ययांची संख्या आणखी वाढणार. डॉट कॉममध्ये चार अक्षरी नाव मिळत नाही म्हणून नवख्याला नव्या प्रत्ययातले चार अक्षरी नाव दाखवले जाते. परंतु प्रत्येक नव्या प्रत्ययाबरोबर ४,५६,९७६ चार अक्षरी नावे नव्याने जन्माला येतात. जे हवे तितके निर्माण करता येते, त्याला दुर्मीळ म्हणणे कठीण आहे. शिवाय अनेक नव्या प्रत्ययांत आखूड नावे ‘विशेष’ गटात टाकलेली असतात आणि त्यांचे नूतनीकरण सामान्य दराच्या कित्येक पट महाग असते. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाचा दर वाचलेला बरा.

देशांच्या प्रत्ययांची कथा थोडी वेगळी आहे. ‘डॉट एआय’ हा कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या बेटाचा प्रत्यय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्याची मागणी इतकी वाढली की २०२३ मध्ये त्या बेटाला नोंदणीतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारी उत्पन्नाचा तो पाचव्या हिश्श्याहून मोठा वाटा होता. दुसरीकडे संगणक व्यावसायिकांच्या आवडीचा ‘डॉट आयओ’ हा हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाच्या संकेताशी जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चागोस बेटे मॉरिशसला देण्याचा निर्णय ब्रिटनने जाहीर केला, तेव्हा त्या प्रत्ययाच्या भवितव्याविषयी प्रश्न उभे राहिले. देशाच्या प्रत्ययावर गुंतवणूक करणारा माणूस त्या देशाच्या राजकारणावरही नकळत गुंतवणूक करत असतो.

कायद्याची रेघ

आखूड नावांच्या व्यापाराला कायद्याने बंदी नाही. बंदी आहे ती दुसऱ्याच्या नावलौकिकावर डल्ला मारण्याला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या प्रकरणात ‘रॅडिफ’ या नावाचा वापर थांबवला आणि डोमेन नाव केवळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, अशी भूमिका घेतली. वर उल्लेखिलेल्या सिफीच्या खटल्यात ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व देशभरासाठी पक्के केले; ‘सिफी’च्या उच्चाराशी मिळते नाव घेणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम पुन्हा लागू झाला. न्यायालयाबाहेरही तंटे सुटतात. डॉट कॉमसाठी १९९९ पासूनचे आंतरराष्ट्रीय धोरण आहे, डॉट इनसाठी निक्सीची लवाद व्यवस्था आहे. नाव तक्रारदाराच्या चिन्हाशी मिळते का, नोंदवणाऱ्याचा त्यावर काही रास्त हक्क आहे का आणि हेतू वाईट होता का, हे तीन प्रश्न तेथे तपासले जातात. प्रसिद्ध नाव त्याच्याच मालकाला चढ्या भावाने विकण्यासाठी नोंदवणे हा वाईट हेतूचा पुरावा मानला जातो.

त्याची ताजी आठवण ‘जिओहॉटस्टार’ची आहे. दोन कंपन्या एकत्र येण्याची कुणकुण लागल्यावर दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव २०२३ मध्ये नोंदवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने मागणी नाकारली. नाव पुढे दुबईतील दोन भावंडांकडे गेले, तेथून कंपनीकडे आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाने सेवा सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये मूळच्या कच्छमधील मांडवीच्या एका तरुणाला चक्क ‘गूगल डॉट कॉम’ १२ डॉलरना विकत मिळाले होते. मिनिटभरात व्यवहार रद्द झाला. गूगलने त्याला ६,००६.१३ डॉलरचे बक्षीस दिले आणि त्याने ते दान करायचे ठरवल्यावर रक्कम दुप्पट केली. जगातले बहुमोल नाव मिनिटभर हाती असूनही त्याची पुनर्विक्रीची किंमत शून्यच होती.

सर्वसाधारण शब्दांचे तसे नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘शादी डॉट कॉम’च्या दाव्यात ‘शादी’ या शब्दावर एकाच कंपनीला मक्तेदारी देण्यास नकार दिला. नवख्यासाठी याचा अर्थ असा की रोजच्या भाषेतला शब्द सुरक्षित आहे, कोणाचे गाजलेले चिन्ह सुरक्षित नाही. तीन-चार अक्षरांच्या जुळणीत हा धोका लपून बसतो, कारण ती एखाद्या बँकेची किंवा औषध कंपनीची आद्याक्षरे असू शकतात.

भिंगाखाली नाव

मग नाव तपासायचे कसे? हिरा दहापट भिंगाखाली धरतात, तशा काही कसोट्या येथेही आहेत. पहिली कसोटी कानाची. दूरध्वनीवर नाव एकदाच सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते न विचारता बरोबर लिहावे. गोव्यात ही कसोटी विशेष कडक ठरते. आपण ‘डिचोली’ म्हणतो, रोमन लिपीत ‘बिचोलिम’ लिहितो. ‘साखळी’चे ‘सांकेलिम’ होते, ‘केपे’चे हिज्जे ‘क्यू’ने सुरू होतात. गावाच्या नावावरून बांधलेले डोमेन नाव ऐकून बरोबर टंकता येत नसेल, तर ते कितीही आखूड असले तरी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाते.

दुसरी कसोटी गिऱ्हाइकाची. हे नाव ज्यांच्या उपयोगी पडेल असे किमान दहा व्यवसाय कागदावर लिहिता येतात का, आणि त्यांतले किती जण आज लांब किंवा गैरसोयीचे नाव वापरत आहेत? ही यादी कोरी राहिली तर व्यवहार तेथेच थांबवावा. एकच नाव आठवले आणि ती मोठी कंपनी असली, तर धोका कायद्याचा आहे. तिसरी कसोटी पूर्वेतिहासाची. मुदत संपून बाजारात आलेल्या नावावर पूर्वी जुगार, फसवणूक किंवा अश्लील मजकूर असेल तर शोधयंत्रे आणि ईमेल सेवा त्याला संशयाने पाहतात. संकेतस्थळांची जुनी पाने जतन करणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वर हे फुकट पाहता येते. चौथी कसोटी तुलनेची. त्याच प्रत्ययाची, तितक्याच अक्षरांची, तशाच घडणीची नावे गेल्या एक-दोन वर्षांत कितीला गेली, एवढेच पाहावे. ‘व्हॉइस’च्या भावाशी तुलना करून उपयोग नाही.

शेवटची कसोटी व्यवहाराची. नवख्याला एक दिवस अचानक भरघोस किमतीचा देकार येतो. गिऱ्हाईक गोड बोलतो, फक्त एका विशिष्ट ठिकाणचे मूल्यांकनाचे प्रमाणपत्र आणायला सांगतो. त्या प्रमाणपत्राचे पैसे भरले की गिऱ्हाईक नाहीसा होतो. विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून आधी पैसे मागावेत, हा प्रकार कतारगामच्या कोणत्याही दलालाला हसू आणील. नवख्याला मात्र तो खरा वाटतो, कारण आपल्या नावाला भाव आहे हे ऐकायला तो आतुर असतो. खऱ्या व्यवहारात रक्कम मध्यस्थ एस्क्रो सेवेकडे जमा होते आणि नाव हस्तांतरित झाल्यावर ती विक्रेत्याला मिळते.

गोव्यापुरता विचार

गोव्यासारख्या छोट्या राज्यात डोमेन नावांची खरी किंमत पुनर्विक्रीत शोधण्याची फारशी गरज नाही. येथे घरगुती निवासव्यवस्था चालवणारी कुटुंबे आहेत, काजू आणि मसाले विकणारी दुकाने आहेत, पेडणे-काणकोणपर्यंत पसरलेले लघुउद्योजक आहेत. त्यांतील अनेक जण मोठ्या पोर्टलांच्या आधाराने धंदा करतात आणि प्रत्येक बुकिंगमागे दलाली देतात. अशा माणसाकडे स्वतःचे सोपे, पाठ होणारे नाव असेल, तर त्याचा दर वर्षीचा हजार-बाराशेचा खर्च दोन-चार थेट गिऱ्हाइकांत भरून निघतो. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या देवनागरी ‘डॉट भारत’ या प्रत्ययात मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांतली नावे घेता येतात. त्या नावांना पुनर्विक्रीचा बाजार जवळजवळ नाही, पण गावच्या वाचकाला आपल्या लिपीतला पत्ता दाखवण्याचे काम ती करतात.

नाव मिळवण्याइतकेच ते टिकवणेही महत्त्वाचे असते. मुदत संपल्यावर डॉट कॉम नाव लगेच सुटत नाही. नोंदणी कंपनीनुसार काही दिवसांची सवलत, मग ३० दिवसांची जादा शुल्क भरून परत मिळवण्याची मुदत आणि शेवटी ५ दिवसांची प्रतीक्षा असे टप्पे असतात. मात्र अनेक नोंदणी कंपन्या चांगली नावे या टप्प्यांच्या आधीच लिलावात काढतात. नोंदणी भाच्याच्या किंवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या ईमेलवर केलेली असेल, तर सूचना मालकापर्यंत पोहोचतच नाही. वर्षानुवर्षे कमावलेले नाव मग एखाद्या व्यापाऱ्याच्या यादीत विक्रीला लागते आणि ते सोडवून आणताना जी रक्कम मोजावी लागते, तीच त्या व्यापाऱ्याचा नफा असते.

कतारगामचा अनुभवी कारागीर अनोळखी दगड हाती आला की तो कितीला विकला जाईल हे सांगण्याआधी तो कोणाला हवा आहे, हे विचारतो. ज्या हिऱ्याला घेणारा ठाऊक नाही, तो हिरा तो उधारीवरही उचलत नाही. आखूड डोमेन नाव नोंदवायला बसलेल्या गोमंतकीय तरुणाने पैसे भरण्याचे बटण दाबण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तरादाखल खऱ्या गिऱ्हाइकांची नावे सुचली तर एक-दोन नावांपासून, बुडाली तरी चालेल एवढ्याच रकमेत सुरुवात करावी. सुचली नाहीत तर तेच हजार रुपये घरच्या धंद्याचे नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदवण्यासाठी खर्च करावेत.